नेटवर्क उपकरणांची कॉन्फिगरेशन फाइल : जतन, बदल आणि परतीची वाट

एकाच कारखान्यातून आलेले एकाच मॉडेलचे दोन राउटर तंतोतंत सारखे असतात. त्यांपैकी एक बँकेच्या शाखेला मुख्यालयाशी जोडू लागतो आणि दुसरा महाविद्यालयाच्या वसतिगृहाला इंटरनेट पुरवू लागतो, तेव्हा त्यांच्यात जो फरक पडतो तो यंत्राचा नसून त्यांत साठवलेल्या सूचनांचा असतो. या सूचनांच्या संचाला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. बहुतेक उपकरणांत ती साध्या मजकुराची असते. लहान कार्यालयातल्या स्विचमध्ये ती शे-दोनशे ओळींची, तर इंटरनेट सेवादात्याच्या मोठ्या राउटरमध्ये अनेक हजार ओळींची भरते, आणि तरीही तिचा आकार सहसा मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहून कमीच असतो. यंत्र जळाले तर पैसे मोजून दुसरे आणता येते. ही फाइल मात्र बाजारात मिळत नाही, कारण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे त्या संस्थेत कधीतरी कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. असे असूनही यंत्रांची नोंद मालमत्ता-पुस्तकात काटेकोरपणे होते आणि फाइलीची प्रत कोठे आहे, हे मात्र पुष्कळ संस्थांत एखाद्याच माणसाला ठाऊक असते.

फाइलीत काय असते, हे एकदा पाहिले म्हणजे तिचे मोल ध्यानात येते. सुरुवातीला उपकरणाचे नाव. मग प्रत्येक जोडणीचा, म्हणजे इंटरफेसचा पत्ता. एकाच स्विचवर लेखा विभाग, वाचनालय आणि पाहुण्यांचे वायफाय एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या व्हीलॅन नावाच्या आभासी विभागांची यादी. कोणत्या पत्त्याकडे जाणारी माहिती कोणत्या वाटेने पाठवायची याचे नियम. कोणाला आत येऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे हे सांगणाऱ्या प्रवेश-याद्या. घड्याळ कोणाशी जुळवायचे, घडामोडींची नोंद कोठे पाठवायची, उपकरणात लॉगिन कोणी करायचे आणि कोणत्या पासवर्डने, हे सारे त्यात येते. ही फाइल ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती संस्थेच्या नेटवर्कचा पूर्ण आराखडा पडतो. म्हणून ती हरवणे जितके घातक, तितकेच ती भलत्याच्या हाती लागणेही घातक असते.

या फाइलीच्या व्यवस्थापनाची जी पद्धत आज बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे तिचा उगम सिस्को या कंपनीच्या उपकरणांत आहे. लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या या कंपनीच्या आयओएस या कार्यप्रणालीतील आज्ञांची धाटणी पुढे इतक्या उत्पादकांनी उचलली की तीच या क्षेत्राची बोली होऊन बसली. आयओएसमध्ये कॉन्फिगरेशन एका वेळी दोन ठिकाणी नांदते. पहिली ‘रनिंग-कॉन्फिग’, म्हणजे उपकरण या क्षणी ज्या सूचनांनुसार चालले आहे ती. ही रॅममध्ये, म्हणजे वीज असेतोवर टिकणाऱ्या स्मृतीत असते. दुसरी ‘स्टार्टअप-कॉन्फिग’, म्हणजे उपकरण सुरू होताना जी वाचली जाते ती. ही एनव्हीरॅम नावाच्या, वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत असते. अभियंता एखादी ओळ टंकून एंटरची कळ दाबतो, तेव्हा बदल तत्क्षणी पहिलीत होतो आणि लगेच अमलात येतो. दुसरीत तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते, जिच्याऐवजी जुने लोक आजही ‘राइट मेमरी’ किंवा तिचे ‘डब्ल्यूआर’ हे लघुरूप वापरतात.

ही एक आज्ञा विसरली गेली तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. बदल झालेला असतो, काम सुरळीत चालू असते. महिन्या-दोन महिन्यांनी रात्री वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, आणि सकाळी उपकरण सुरू होते ते जुन्याच सूचनांसह. तोवर बदल कोणी केला, कशासाठी केला आणि नेमक्या कोणत्या ओळी टाकल्या होत्या, यांतले काहीच कोणाला आठवत नाही. शोध सुरू होतो तोही केबलपासून, कारण ‘कालपर्यंत तर चालू होते’ हीच सर्वांची समजूत असते. या दोन फाइलींची नियमितपणे तुलना करणे आणि त्यांत फरक दिसला तर विचारणा करणे, ही कॉन्फिगरेशन व्यवस्थापनाची अगदी पहिली, बिनखर्चाची आणि तरीही वारंवार टाळली जाणारी पायरी आहे.

दोन फाइलींमधील हीच दरी अनुभवी अभियंते सुरक्षेसाठी वापरतात. शंभर किलोमीटरवरच्या राउटरवर बदल करताना चूक झाली आणि आपलाच संपर्क तुटला, तर तेथे माणूस धाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून जोखमीचा बदल करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवतात, म्हणजे दहा मिनिटांनी उपकरणाने स्वतःहून पुन्हा सुरू व्हावे. बदल यशस्वी ठरला तर ‘रीलोड कॅन्सल’ करून नवी स्थिती जतन करतात. संपर्क तुटला तर थांबून राहतात, कारण दहा मिनिटांनी उपकरण जुनी, चालणारी फाइल वाचून परत येणार असते. ही युक्ती ओबडधोबड आहे, उपकरण सुरू होईपर्यंत सर्वांची सेवा खंडित होते, पण बदलाच्या आधी परतीची वाट आखून ठेवण्याची जी शिस्त या क्षेत्रात पुढे पक्की झाली, तिचे मूळ रूप हेच आहे.

अशी शिस्त का हवी, ते एका ओळीवरून दाखवता येते. दोन स्विचना जोडणाऱ्या आणि अनेक व्हीलॅनची माहिती एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीला ट्रंक म्हणतात, आणि तिच्यावरून कोणत्या व्हीलॅनला जाऊ द्यायचे याची यादी फाइलीत एका ओळीत असते. समजा त्या यादीत १०, २० आणि ४० हे क्रमांक आहेत आणि नव्याने सुरू झालेल्या विभागासाठी ३० हा क्रमांक वाढवायचा आहे. आयओएसमध्ये त्यासाठीची योग्य आज्ञा ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ ही आहे. त्यातील ‘ॲड’ हा शब्द राहून गेला, तर उपकरण जुन्या यादीत ३० मिळवत नाही. ते यादीच बदलून टाकते, आणि ट्रंकवरून फक्त ३० जाऊ लागतो. १०, २० आणि ४० या विभागांतील सगळे संगणक त्या क्षणी पलीकडच्या जगापासून तुटतात, आणि ज्या व्हीलॅनमधून अभियंता स्वतः लॉगिन करून बसला आहे तो यांतलाच असेल तर चूक दुरुस्त करण्याची त्याची वाटही त्याच क्षणी बंद होते. उपकरण कसलीच तक्रार करत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञा निर्दोष असते. जगभरातल्या अभियंत्यांनी ही चूक इतक्या वेळा केली आहे की तिला वैयक्तिक निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. टंकताच अमलात येणाऱ्या आज्ञांची पद्धतच अशा चुकांना आमंत्रण देते.

या पद्धतीला वेगळे उत्तर दिले ते जुनिपर या कंपनीने. प्रदीप सिंधू या मुंबईत जन्मलेल्या संशोधकाने १९९६ साली स्थापन केलेल्या या कंपनीच्या जुनॉस या कार्यप्रणालीत टंकलेली ओळ थेट अमलात येत नाही. ती आधी ‘कँडिडेट’ म्हणजे प्रस्तावित फाइलीत जाते. अभियंता हवे तेवढे बदल तेथे करतो, चालू फाइल आणि प्रस्तावित फाइल यांतील फरक ओळीनुसार डोळ्यांखालून घालतो, उपकरणाकडून तपासणी करवून घेतो आणि मग ‘कमिट’ या आज्ञेने सगळे बदल एकदम लागू करतो. कमिट केलेल्या मागच्या आवृत्त्या उपकरण स्वतःच जपून ठेवते आणि ‘रोलबॅक’ म्हणून त्यांपैकी कोणत्याही आवृत्तीकडे परतता येते. मोठ्या राउटरांत चालू आवृत्ती धरून अशा पन्नास आवृत्त्या राहतात. याहून मोलाची सोय म्हणजे ‘कमिट कन्फर्म्ड’. या आज्ञेने केलेला बदल ठरावीक वेळात, एरवी दहा मिनिटांत, पुन्हा पुष्टी न मिळाल्यास आपोआप मागे घेतला जातो, आणि तोही उपकरण बंद न पडता. जे ‘रीलोड’च्या युक्तीने जुजबीपणे साधले जात होते ते येथे कार्यप्रणालीचाच भाग झाले. पुढे सिस्कोने ‘आर्काइव्ह’ आणि ‘कॉन्फिगर रिप्लेस’ या सोयी आणल्या, आणि लहान सेवादात्यांच्या आवडत्या मायक्रोटिक राउटरांत ‘सेफ मोड’ आला, ज्यात संपर्क तुटताच त्या बैठकीतले बदल आपोआप रद्द होतात.

तथापि, तपासणीची सोय असली म्हणजे अर्थाची चूक टळते असे नाही. १७ जुलै २०२० रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सेवा २७ मिनिटे विस्कळीत झाल्या आणि तिच्या नेटवर्कवरील वाहतूक सुमारे निम्म्याने घटली. कंपनीने नंतर स्वतःच दिलेले स्पष्टीकरण या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचण्याजोगे आहे. अमेरिकेतील नेवार्क आणि शिकागो यांच्यातील जोडणी बिघडल्यामुळे अटलांटा आणि वॉशिंग्टन यांच्यातील मार्गावर कोंडी झाली होती, आणि ती कमी करण्यासाठी अटलांटाच्या राउटरवरील एक नियम तात्पुरता निष्क्रिय करायचा होता. अशा नियमाचे दोन भाग असतात : कोणत्या पत्त्यांना तो लागू आहे हे सांगणारी अट, आणि त्या पत्त्यांच्या मार्गांचे काय करायचे हे सांगणारी कृती. संपूर्ण नियम निष्क्रिय करण्याऐवजी त्यातील पत्त्यांची यादी, म्हणजे अटच तेवढी निष्क्रिय केली गेली. अट उरली नाही म्हणून कृती सरसकट सगळ्या मार्गांना लागू झाली, आणि ती कृती होती मार्गाला जास्त पसंती देण्याची. परिणामी अटलांटाने आपल्याकडील सर्व मार्ग इतरांना अधिक पसंतीचे म्हणून सांगितले, कण्यासारख्या मुख्य जाळ्यावरच्या इतर केंद्रांनी ते मानले, आणि सगळ्यांची वाहतूक एका शहराच्या दिशेने लोटली गेली. फाइलीत फरक होता तो ‘निष्क्रिय’ हा शब्द एका ओळीवर पडण्याऐवजी दुसऱ्या ओळीवर पडल्याचा. उपकरणाच्या दृष्टीने दोन्ही फाइली बिनचूक होत्या. अशा वेळी उपयोगी पडते ते दुसऱ्या माणसाचे वाचन, आणि चूक झालीच तर तिचा परिणाम मर्यादित ठेवणारी बंधने. शेजारच्या राउटरकडून ठरावीक संख्येपेक्षा जास्त मार्ग आले तर ते न स्वीकारण्याची मर्यादा कंपनीने त्यानंतर आपल्या मुख्य जाळ्यावर घातली.

आता जतनाकडे वळता येईल. उपकरणाच्या पोटातली प्रत उपकरणासोबतच जळते, म्हणून ती बाहेर, दुसऱ्या संगणकावर असली पाहिजे, हे उघड आहे. त्यासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली पद्धत म्हणजे टीएफटीपी, म्हणजे फाइल पाठवण्याचा अगदी साधा नियमसंच, ज्याची दुसरी आवृत्ती १९८१ साली प्रसिद्ध झाली आणि जो १९९२ साली सुधारून पुन्हा मांडला गेला. तो इतका साधा आहे की त्यात वापरकर्त्याचे नाव नाही आणि पासवर्डही नाही. फाइल उघड्या मजकुरात जाते आणि वाटेत कोणीही वाचू शकतो. थोड्या स्मृतीच्या यंत्रांसाठी तो त्या काळी योग्यच होता. आज कूटबद्ध मार्गाने फाइल पाठवणारी एससीपीसारखी साधने जवळजवळ प्रत्येक उपकरणात असताना केवळ सवयीपोटी टीएफटीपी चालू ठेवणे समर्थनीय नाही.

प्रत घेतली म्हणजे सगळे आले, हाही समज पुरता खरा नाही. आयओएसच्या स्विचमध्ये व्हीलॅनची यादी पुष्कळदा कॉन्फिगरेशन फाइलीत नसून फ्लॅश स्मृतीतल्या वेगळ्या फाइलीत असते. केवळ कॉन्फिगची प्रत घेतली तर जोडण्यांना व्हीलॅन नेमून दिलेले सापडतात, पण ते व्हीलॅनच अस्तित्वात नसतात. सुरक्षित लॉगिनसाठी लागणारी खासगी किल्ली फाइलीत दिसत नाही, त्यामुळे नव्या उपकरणावर ती पुन्हा तयार करावी लागते. याहून फसवी गोष्ट म्हणजे बाहेरून आणलेली फाइल रनिंग-कॉन्फिगमध्ये उतरवताना आयओएस जुन्याच्या जागी नवी ठेवत नाही, तर दोन्ही एकत्र करते; जुन्यातल्या ज्या ओळींना नव्यात पर्याय नाही त्या तशाच राहतात. नव्या राउटरचे इंटरफेस कारखान्यातून बंद अवस्थेत येतात, आणि जुन्या राउटरच्या फाइलीत ‘इंटरफेस चालू आहे’ असे सांगणारी ओळच नसते, कारण चालू असणे गृहीत धरलेले असते; म्हणून फाइल उतरवल्यावर पत्ते बरोबर, मार्ग बरोबर, पण सगळ्या जोडण्या बंद, असा प्रकार होतो आणि एकेक इंटरफेस हाताने चालू करावा लागतो. ऐन अडचणीच्या वेळी हे पहिल्यांदा कळणे महागात पडते. त्यामुळे ज्या प्रतीवरून कधीही उपकरण उभे करून पाहिलेले नाही ती प्रत भरवशाची मानता येत नाही.

एका ताज्या प्रतीपेक्षा प्रतींचा इतिहास कितीतरी अधिक उपयोगाचा असतो. जमिनीच्या नोंदींशी परिचित असलेल्या वाचकाला हे लगेच पटेल : सातबारा उताऱ्यावर आजची स्थिती कळते, पण ती तशी कशी झाली हे कळण्यासाठी फेरफार नोंदवही पाहावी लागते, जिथे प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख आणि कारण असते. नेटवर्कसाठी अशी नोंदवही ठेवण्याचे काम आवृत्ती-नियंत्रण प्रणाली करतात. १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी युनिक्ससाठी ‘डिफ’ हा दोन फाइलींतील फरक ओळीनुसार दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढच्या सगळ्या प्रणालींचा पाया तोच ठरला. नेटवर्कच्या क्षेत्रात तो पाया घेऊन उभे राहिलेले जुने आणि अजूनही वापरात असलेले मुक्त साधन म्हणजे रॅन्सिड. ते ठरावीक वेळाने प्रत्येक उपकरणात लॉगिन करते, फाइल आणते, मागच्या आवृत्तीशी ताडून पाहते आणि फरक आढळला तर संबंधितांना ईमेलने कळवते. ऑक्सिडाइज्ड हे त्याच वाटेवरचे नवे साधन आता पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि आवृत्त्या साठवण्यासाठी लिनस टॉरवल्ड्झ यांनी २००५ साली तयार केलेली गिट ही प्रणाली सर्रास वापरली जाते.

या साधनांच्या घडणीत एक बारीक पण बोधक गोष्ट आहे. जुन्या सिस्को उपकरणांच्या फाइलीत घड्याळाच्या सूक्ष्म दुरुस्तीचा एक आकडा असे आणि तो आपोआप सतत बदलत राही. फाइल जशीच्या तशी ताडली तर माणसाने काहीही न करता दर तासाला ‘बदल झाला’ अशी सूचना येई, आणि अशा दहा निरर्थक सूचना वाचल्यावर अकरावी, खरी सूचना कोणी उघडून पाहत नसे. म्हणून रॅन्सिडसारखी साधने अशा ओळी गाळून मगच तुलना करतात.

मात्र कोणतेही साधन काय बदलले एवढेच सांगते. का बदलले हे माणसानेच लिहून ठेवावे लागते. प्रवेश-यादीत एखाद्या पत्त्याला मोकळीक देणारी ओळ दिसते. ती सात वर्षांपूर्वी एका लेखापरीक्षकाच्या तीन दिवसांच्या कामासाठी टाकली होती की पगाराची प्रणाली तिच्यावरच चालते, हे ओळीवरून कळत नाही, म्हणून ती काढण्याचे धाडस कोणी करत नाही आणि याद्या वर्षागणिक फुगत जातात. बहुतेक कार्यप्रणालींत इंटरफेसला वर्णन देण्याची आणि प्रवेश-यादीत शेरा लिहिण्याची सोय आहे. कमिट करताना टिपण जोडता येते. त्यात तारीख, मागणी करणाऱ्या विभागाचे नाव आणि मुदत एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि या सबंध विषयात इतक्या थोड्या कष्टात इतका लाभ देणारे दुसरे काही नाही.

गोपनीयतेचा प्रश्न याला लागूनच येतो. सिस्कोच्या फाइलीत पासवर्डच्या आधी एक अंक असतो आणि तो पासवर्ड कसा दडवला आहे हे सांगतो. शून्य असेल तर तो उघडाच असतो. सात असेल तर तो अगम्य अक्षरांसारखा दिसतो, पण ही पद्धत मुळात खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून लपवण्यापुरतीच आहे. तो क्षणार्धात उलगडणारी साधने सर्वत्र उपलब्ध आहेत. पाच हा त्याहून बरा, पण आजच्या संगणकांपुढे अपुरा. आठ आणि नऊ या नव्या पद्धती मात्र खरोखर कणखर आहेत. ज्या संस्थेच्या फाइलींत अजून सातचा अंक दिसतो आणि ज्या फाइली ईमेलने इकडून तिकडे जातात, त्या संस्थेने ते पासवर्ड उघड झाल्याचेच धरून चालावे.

ही भीती काल्पनिक नाही, याचा पुरावा २०१८ साली मिळाला. सिस्कोच्या स्विचमध्ये ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाची सोय होती : नवे स्विच माणूस न पाठवता दूरवरून उभे करता यावे म्हणून ते ४७८६ या क्रमांकाच्या पोर्टवर सूचनांची वाट पाहत बसे, आणि सूचना देणारा कोण आहे याची कोणतीही खातरजमा करत नसे. काम झाल्यावर ही सोय बंद करणे अपेक्षित होते, पण असंख्य ठिकाणी ती चालूच राहिली आणि तीही थेट इंटरनेटसमोर. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अज्ञात हल्लेखोरांनी तिच्या वाटेने स्विचवरील कॉन्फिगरेशन पुसून तेथे अमेरिकी निवडणुकांत ढवळाढवळ करू नका असा संदेश ठेवला; रशिया आणि इराण या देशांत त्याची झळ जाणवली, आणि एकट्या इराणमध्ये सुमारे साडेतीन हजार स्विच बाधित झाल्याचे तेथील सरकारने सांगितले. ज्यांच्याकडे फाइलीची प्रत होती त्यांच्यासाठी काही तासांचा खोळंबा झाला, नसलेल्यांना सारे नव्याने रचावे लागले. त्याच महिन्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्या सुरक्षा यंत्रणांनी संयुक्त इशारा दिला, त्यात पुसण्यापेक्षा चोरण्यावर भर होता : हल्लेखोर हीच सोय वापरून, किंवा ‘पब्लिक’, ‘प्रायव्हेट’ यांसारखे कारखान्यातून आलेले आणि कधीही न बदललेले परवलीचे शब्द वापरून, उपकरणालाच त्याची फाइल बाहेर पाठवायला लावत होते. चोरीला गेलेल्या फाइलीचा पत्ताही लागत नाही, कारण मूळ फाइल जागच्या जागीच असते.

उपकरणांची संख्या पाच-दहावरून पाचशेवर गेली की हाताने फाइल सांभाळण्याची पद्धत मोडते. जून २००२ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने नेटवर्क चालवणारे आणि नियमसंच घडवणारे यांची एक कार्यशाळा भरवली, आणि तिचा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. तोवर उपकरणांच्या व्यवस्थापनासाठी एसएनएमपी हा नियमसंच प्रमाण मानला जात होता. पण चालवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की त्याचा उपयोग निगराणीपुरताच होतो, कॉन्फिगरेशन करण्यासाठी ते आजही आज्ञा टंकूनच काम करतात. त्यांना हवे होते ते हे : माणसाने ठरवलेल्या सूचना आणि यंत्राची तात्कालिक स्थिती यांत स्पष्ट भेद, अनेक उपकरणांवर एकदम होणारा किंवा मुळीच न होणारा बदल, आणि सुट्या यंत्राऐवजी सबंध नेटवर्कचा विचार. या मागण्यांतून २००६ साली नेटकॉन्फ हा नियमसंच आणि २०१० साली सूचनांची रचना वर्णन करणारी यांग ही भाषा आली. पुष्टी न मिळाल्यास सहाशे सेकंदांनी मागे जाणारा बदल नेटकॉन्फमध्येही आहे. जुनॉसची दहा मिनिटे येथे मानकात दाखल झाली.

आज मोठ्या नेटवर्कांत फाइल उपकरणावर लिहिली जात नाही. ती साचा आणि माहिती यांतून तयार केली जाते, बॅटफिशसारख्या साधनाकडून तिच्या परिणामांची आगाऊ तपासणी होते, आणि ॲन्सिबलसारखी साधने ती शेकडो उपकरणांवर उतरवतात. या पद्धतीत फाइलींत विसंगती राहत नाही हे खरे. पण पूर्वी एका उपकरणावर होणारी चूक आता तितक्याच वेगाने पाचशे उपकरणांवर होते, म्हणून आधी एका, मग पाच, मग पन्नास उपकरणांवर बदल करत, प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहणे अपरिहार्य ठरते.

अखेरचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रत असते, इतिहास असतो, परतीची आज्ञाही ठाऊक असते. पण उपकरणापर्यंत पोहोचण्याची वाटच त्या उपकरणावर अवलंबून असेल तर यांतले काहीच कामी येत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या सर्व माहिती-केंद्रांना जोडणारे जाळे तुटले. अशा आज्ञा अडवण्यासाठी नेमलेल्या तपासणी-साधनातच दोष होता. सुमारे सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर बंद राहिले, कारण दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर होती आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीने टप्प्याटप्प्याने चाललेल्या सुधारणेत राउटरवरील एक गाळणी-नियम काढला. मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर कोसळून ते बंद पडले, आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा, देशाची इंटरॅक ही देयक प्रणाली आणि आणीबाणीच्या मदतीचे अनेक कॉल ठप्प झाले. तेथेही व्यवस्थापनाचे जाळे मुख्य जाळ्यापासून वेगळे नव्हते, आणि कर्मचाऱ्यांचे फोन त्याच कंपनीचे होते. अशा वेळी लागणाऱ्या आडवळणाच्या वाटेसाठी, म्हणजे उपकरणाच्या कन्सोल पोर्टला जोडलेल्या आणि दुसऱ्या सेवादात्याच्या सिमवर चालणाऱ्या छोट्या मोडेमसाठी येणारा खर्च एका दिवसाच्या खोळंब्यापुढे काहीच नाही.

भारतातील संस्थांना सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जुळवणे बंधनकारक आहे. बदल कोणी, कधी केला याचा माग त्यामुळे निदान शोधता येतो. पण फाइलींचे काय, हा प्रश्न तरीही संस्थेकडेच उरतो. महाराष्ट्रातील महाविद्यालये, सहकारी बँका, रुग्णालये आणि नगरपालिका यांची नेटवर्क बहुधा बाहेरचा कंत्राटदार उभारतो व सांभाळतो, आणि कॉन्फिगरेशन व पासवर्ड त्याच्याच लॅपटॉपवर राहतात. कंत्राट बदलले की नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. अशा प्रत्येक संस्थेच्या प्रमुखाने पुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात : सर्व उपकरणांच्या फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास संस्थेच्या मालकीचा राहील, त्याची कूटबद्ध प्रत दरमहा संस्थेच्या ताब्यात दिली जाईल, आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून एक सुटे उपकरण संस्थेच्या अधिकाऱ्यासमोर उभे करून दाखवले जाईल. चालू कंत्राटाची मुदत संपेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. फाइलींची पहिली प्रत याच आठवड्यात मागून घ्यावी.